जुन्या इनोव्हात चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा का पेटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१२ची इनोव्हा, अडीच लिटर डिझेल, साताऱ्यात नोंदणी, सव्वादोन लाख किलोमीटर पळालेली. खंबाटकी किंवा कुंभार्ली चढताना चेक इंजिनचा दिवा पेटतो, गाडी ओढायची थांबते. बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की पुन्हा नीट चालते. दोन गॅरेजं झाली. एकाने रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब मोजणारा) बदलला. दुसऱ्याने स्कॅनर लावून बिघाडाचा कोड उडवला आणि टाकीत इंजेक्टर साफ करायचं औषध ओतायला लावलं. महिन्याभरात दिवा परत हजर. भरीस भर म्हणून पावसाळ्यापासून सकाळी स्टार्टर मारला की एबीएस, एअरबॅग आणि बॅटरी असे तीन दिवे चमकून जातात, त्यातला एबीएसचा कधी कधी तसाच राहतो. त्यासाठी बॅटरी नवी टाकली, फरक शून्य. आता गाडी विकून टाकावी का?

विकायचं नंतर बघू. तुमच्या वर्णनात दोन वेगळे बिघाड आहेत आणि दोन्ही गॅरेजांनी त्यांची एकत्र खिचडी केली आहे. घाटात जोर लावल्यावर येणारा दिवा डिझेलच्या बाजूचा दिसतो. सकाळी स्टार्टर मारताना येणारे दिवे विजेच्या बाजूचे आहेत. तुम्ही दिवे कधी पेटतात हे इतकं नीट लिहिलंत म्हणून हे इथे बसून सांगता येतं. ‘चेक इंजिन येतं’ एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी आठवडाभर वही ठेवायला सांगतो: गाडी गार होती की गरम, चढ होता की सपाट, टाकीत डिझेल किती होतं, पाऊस होता का, एसी चालू होता का. जुन्या गाडीत या वहीतून स्कॅनरइतकीच माहिती मिळते.

चेक इंजिनचा दिवा कुठला पार्ट मेला ते सांगत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला जे माप अपेक्षित होतं ते मिळालं नाही, एवढंच तो सांगतो. तुम्ही कोड लिहिलेला नाही, पण लक्षणं आणि बदललेला पार्ट पाहता तो पी००८७ असावा असा माझा अंदाज आहे. त्याचा अर्थ, रेलमधला डिझेलचा दाब मागितला त्यापेक्षा कमी पडला. हे कळवतो रेल प्रेशर सेन्सर. कोडच्या नावात ‘रेल प्रेशर’ दिसलं म्हणून गॅरेजवाल्याने तो सेन्सरच बदलला, म्हणजे ज्याने खरं सांगितलं त्यालाच हाकलून दिलं. सेन्सर स्वतः किंवा त्याची वायर खराब असेल तर सहसा पी०१९० आणि त्याच्या आसपासचे कोड येतात. सेन्सर बदलूनही महिन्याभरात तेच झालं, म्हणजे जुना सेन्सर चांगला होता. फेकून दिला नसेल तर जपून ठेवा.

दिवा आपोआप विझतो तेव्हा बिघाड गेला असं समजू नका. बऱ्याचशा गाड्यांत काही दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा पेटतो, आणि नंतर तीन फेऱ्या नीट गेल्या की विझतो. कोड मात्र आत राहतो. चाळीसेक वेळा इंजिन गार होऊन गरम होईपर्यंत टिकतो. साताऱ्यातल्या साताऱ्यात गाडी फिरवलीत तर महिनाभर दिवा येणारच नाही, कारण तिथे इंजिनाला पूर्ण जोर लावावाच लागत नाही. औषध ओतल्यावर ‘बरं वाटलं’ ते बहुधा यामुळे.

म्हणून पहिली अट: कोड उडवायच्या आधी त्याचा फोटो काढा. कोडसोबत बऱ्याच गाड्यांत फ्रीज फ्रेम साठवलेली असते. दोष सापडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, पाण्याचं तापमान किती, इंजिनवर भार किती, हे त्यात असतं. तुमच्या गाडीत तिथे २५०० आरपीएम, भार जास्त, वेग चाळीसच्या आसपास असं काही दिसलं, तर घाटच दिसतोय. कोड उडवला की हे सगळं पुसलं जातं. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारे महाभाग तर पुरावाही घालवतात आणि वर ‘रीसेट केला’ म्हणून पैसेही घेतात.

स्कॅनरबद्दल एक सांगायला हवं. बाजारात हजार-दीड हजारात मिळणारा ब्लूटूथचा डबा तुमच्या गाडीवर पूर्ण चालेलच असं नाही. एप्रिल २०१० मध्ये धुराचा बीएस-४ नियम फक्त तेरा शहरांत आला. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं, सातारा नव्हता. बाकी देशात तो २०१७ मध्ये पोचला. चारचाकींना पूर्ण ओबीडी-२ची (गाडीने स्वतःचे बिघाड ठरावीक पद्धतीने नोंदवून दाखवायची) सक्ती झाली ती एप्रिल २०१३ पासून. म्हणजे तुमची गाडी बहुधा बीएस-३ची आहे, आणि सोळा पिनांचं सॉकेट दिसत असलं तरी स्वस्त डबा सगळी मापं दाखवीलच याची खात्री नाही. टोयोटाचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा आणि फक्त कोड मागू नका, चालू गाडीचा लाइव्ह डेटा मागा. (त्या सॉकेटमधल्या १३ आणि ४ नंबरच्या पिना जोडून दिव्याच्या उघडझापीवरून कोड वाचायची जुनी टोयोटा पद्धत आहे. मिस्त्रीला करू द्या. १६ नंबरच्या पिनेत थेट बॅटरीचा प्लस असतो. तार तिथे लागली तर फ्यूज गेला म्हणून समजा.)

आता डिझेलची बाजू. लाइव्ह डेटात दोन आकडे शेजारी शेजारी लावायचे: कॉम्प्युटरने मागितलेला रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेला. गरम इंजिन, आयडलला (गाडी उभी, रेसवरून पाय काढलेला) दोन्ही साधारण ३०० बारच्या आसपास असतात; स्कॅनर मेगापास्कलमध्ये दाखवत असेल तर ३०. जोर लावला की मागणी हजार बारच्या पुढे जाते. तुमच्या गाडीत आयडलला दोन्ही आकडे जुळतील, गॅरेजच्या दारात उभ्या गाडीला रेस दिली तरी जुळतील. म्हणून गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, सगळं ओके आहे.’ ही चाचणी चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी भरलेली असतानाच करावी लागते. चालवणारा एक, स्क्रीन बघणारा दुसरा. मागणी वर जाते आणि मिळकत मागे पडते तो क्षण एकदा डोळ्यांनी बघितला की पुढचं काम निम्मं होतं.

दाब कमी पडण्याची कारणं टाकीपासून पुढे शोधत यायचं असतं, इंजेक्टरपासून मागे नाही. उलट्या दिशेने गेलात तर खिसा आधी रिकामा होतो. या इंजिनात टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. पुढचा हाय प्रेशर पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. त्यामुळे टाकी ते पंप ही सगळी लाइन ओढीखाली असते, आणि तिला कुठे बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली डाग नाही म्हणून लाइन चांगली, हा तर्क इथे चालत नाही.

बोनेट उघडलं की डिझेल फिल्टर दिसतो, त्याच्या डोक्यावर हाताने दाबायचा पंप असतो. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी स्टार्ट करण्याआधी तो दाबून बघा. पहिल्या एक-दोन दाबांत घट्ट लागला तर ठीक. दहा-पंधरा वेळा फुसफुस करत दाबावा लागला तर रात्रीत डिझेल मागे गेलंय, म्हणजे कुठूनतरी हवा येतेय. पुढची पायरी म्हणजे फिल्टर ते पंप या नळीच्या जागी हातभर पारदर्शक नळी लावायची आणि इंजिन चालू करून बघायचं. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ते सोडा. इंजिन गरम झाल्यावर, रेस दिल्यावर बारीक बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर चोर सापडला.

माझ्या अनुभवात चोर बऱ्याचदा फिल्टरच्या बुडाशी असतो. तिथे पाण्याचा सेन्सर बसवलेला असतो. फिल्टर बदलताना तो जुन्यातून काढून नव्यात बसवायचा असतो. त्याचा रबरी ओरिंग जुनाच ठेवला, किंवा कोरडाच बसवून पान्याने आवळला, की तो चिमटतो. डिझेल गळत नाही, मालकाला कळत नाही, आणि घाटात मात्र गाडी हवा पिते. नव्या ओरिंगची किंमत चहा-वड्याएवढी. स्वस्तातला फिल्टर टाकला असेल तर तोही काढा. बाहेरून सारखाच दिसतो, पण आतला कागद कमी असतो आणि पाणी नीट वेगळं होत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर: मीटरमध्ये फिल्टरचा वेगळा दिवा असतो, तो पेटला तर फिल्टरच्या तळाशी पाणी साठलंय. खालचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करून, वरचा पंप दाबत, स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढायचं. पाच मिनिटांचं काम. तो दिवा पेटलेला ठेवून गाडी पळवली तर पाणी पुढे हाय प्रेशर पंपात जातं, आणि मग खर्चाचा आकडा पाच अंकी होतो. पावसाळ्यात हा दिवा पुन्हा पुन्हा येत असेल तर पंप बदला. म्हणजे डिझेल भरता तो पेट्रोल पंप.

फिल्टर नवा, हवा नाही, तरी दाब पडतोय? मग टाकीकडे संशय जातो. तळाच्या गाळाने टाकीतली जाळी भरली असेल तर सपाटीला पुरेसं डिझेल येतं, चढावर अपुरं पडतं. यासाठी आमच्याकडे एक सोपी परीक्षा आहे: टाकीची लाइन बाजूला ठेवून, घट्ट बांधलेल्या स्वच्छ कॅनमधून थेट फिल्टरला डिझेल द्यायचं आणि तोच चढ चढायचा. दिवा आला नाही तर दोष टाकीच्या बाजूला. आला तर पंपाच्या बाजूला. गॅरेजवाल्यानेच, नीट बांधून करायची गोष्ट आहे ही. पायाजवळ कॅन ठेवून घरच्या घरी करू नका.

त्यापुढे येतो एससीव्ही, म्हणजे सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह. डेन्सोच्या या पंपावर किती डिझेल आत घ्यायचं ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. टोयोटाच्या जुन्या डी-फोर-डी डिझेल गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. तो झिजला किंवा घाणीने अडकू लागला की आयडलला आरपीएम वर-खाली होतो, सिग्नलला पाय सोडला की इंजिन बंद पडतं, चढावर दाब कमी पडतो, आणि किल्ली बंद-चालू केली की सगळं सुतासारखं सरळ. तुमची लक्षणं याच्याशीही जुळतात, म्हणून सांगतो: हवा आणि फिल्टर तपासल्याशिवाय एससीव्ही बदलू नका, कारण हवा शिरत असली तरी चित्र जवळपास हेच दिसतं. बदलावाच लागला तर डेन्सोचाच घ्या, आणि बदलल्यावर स्कॅनरने पंपाचं लर्निंग करून घ्या. ‘बसवला, झालं’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. लर्निंग न केल्याने आयडल बिघडलं की दोष नव्या पार्टवर जातो.

इंजेक्टर शेवटी. सव्वादोन लाखांवर ते थकलेले असू शकतात, पण थकलेले इंजेक्टर घाटातच नाही, सकाळच्या गार स्टार्टिंगलाही बोलतात: खडखड, पांढरा धूर, एखादा सिलिंडर न लागणं. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही.

आता सकाळचे तीन दिवे. ‘मीटरमध्ये दिवाळी होते’ असं आम्ही म्हणतो तो प्रकार हाच. एबीएस, एअरबॅग आणि चार्जिंग या तीन यंत्रणा एकाच वेळी, एकाच सकाळी नादुरुस्त होत नाहीत. त्यांच्यात समान काय आहे ते शोधायचं, आणि समान असतं ते व्होल्टेज. स्टार्टर मारताना व्होल्टेज जास्त खाली गेलं की या यंत्रणांचे कॉम्प्युटर गोंधळतात. बॅटरी नवी आहे, ठीक. पण बॅटरीतून निघालेली वीज गाडीला पोचते का?

मल्टिमीटर साडेतीनशे रुपयांचाही चालेल. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना १३.८ ते १४.५. स्टार्टर मारताना १० च्या खाली फारसं जायला नको. इथवर बहुतेक जण करतात. पुढचं माप कोणी घेत नाही आणि दोष तिथेच असतो: मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, म्हणजे शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. मग लाल टोक बॉडीच्या उघड्या धातूवर ठेवून, इंजिन चालू आणि लाइट-ब्लोअर चालू करून बघा, तिथे ०.२ च्या आत हवं.

चिपळूणहून एक गाडी आली होती, हेच तीन दिवे, तिसरी बॅटरी. स्टार्टर मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये एक व्होल्टच्या वर फरक. वरून अर्थची पट्टी छान दिसत होती, बोल्टही आवळलेला. बोल्ट काढला तर लगच्या (वायरच्या टोकाच्या कडीच्या) खाली हिरवट पांढरी बुरशी, आणि वायरच्या आवरणात बोटभर आत तांबं काळं पडून भुगा झालेलं. कोकणच्या हवेत हे होतंच. नवी पट्टी टाकली, बॉडीवरची जागा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. काम संपलं. तुमची गाडी कुंभार्लीतून खाली कोकणात जाते, म्हणून मी पहिलं बोट इथेच ठेवीन.

अर्थिंग ठीक निघाली तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून इंजिन चालू असताना बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गळका आहे. डीसी माप १४ दाखवत असतानाही अशी गढूळ वीज सेन्सरांचे सिग्नल बिघडवते आणि मग रोज नवा कोड. ब्रश संपत आले की बॅटरीचा दिवा मंद, धुगधुगता दिसतो. तो अंधारात बघावा लागतो.

त्यानंतर बाहेरून जोडलेल्या गोष्टी. सेंट्रल लॉक, मागचा कॅमेरा, जीपीएस, मोठा हॉर्न, जादा वॅटचे हेडलाइट: कोणी कुठली वायर सोलून कुठे चिकटवली याचा पत्ता नसतो. इनोव्हा कधी ना कधी टूरला चाललेली असते आणि तिच्या डॅशबोर्डखाली टेपने गुंडाळलेले जोड निघतात. ब्रेक लाइटला स्वस्त एलईडी बल्ब टाकला तरी काही गाड्यांत दिवे येतात. सगळं एकदम काढायची गरज नाही. पुढच्या सकाळी एकेक फ्यूज काढून बघा. आणि उंदीर विसरू नका. पावसाळ्यात गरम इंजिनवर येऊन बसतात, वायरिंगचं आवरण खातात. बोनेटखाली लेंड्या, शेंगांची टरफलं दिसली तर कुठल्याही सेन्सरला हात लावण्याआधी त्या बाजूची वायर बोटांनी चाचपून बघा. इंजिन चालू ठेवून, लाइव्ह डेटा बघत, वायरिंग जागोजागी हलवायचं. पाण्याच्या तापमानाचा आकडा एकदम उणे ४० वर गेला तर साताऱ्यात बर्फ पडलेला नाही, त्या सेन्सरची वायर तुटलेली आहे.

हे सगळं नीट झाल्यावर तिन्हीपैकी एकटा एबीएसचा दिवा राहिला, तर तो स्वतंत्र बिघाड. किल्ली फिरवताच येतो आणि राहतो, तर वायर किंवा सेन्सरचं सर्किट. गाडी वीस-तीसच्या वेगाला आल्यावर येतो, तर चाकाचा सेन्सर चुकीचा वेग देतोय. लाइव्ह डेटात चारही चाकांचे वेग लावून सरळ रस्त्यावर चालवा. तीन चाकं २५ दाखवतात आणि एक ० किंवा उड्या मारतं, ते धरा. चिखल, लोखंडाचा कीस, नाहीतर नुकतंच बदललेलं स्वस्त बेअरिंग, असं काहीतरी निघतं. एकट्या पिवळ्या एबीएस दिव्यावर साधा ब्रेक चालतो, फक्त चाक लॉक होऊ शकतं. सोबत लाल ब्रेकचा दिवाही आला तर गाडी हळू चालवत थेट गॅरेज.

एअरबॅगच्या दिव्याला मात्र मल्टिमीटर लावू नका, एकदाही नाही. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं सोबत बंद पडली असतील तर स्टिअरिंगखालची स्पायरल केबल गेलीय. सीटखालचा पिवळा कपलर पाय लागून सैल होतो, तोही कारण असतो. काम करण्याआधी बॅटरी काढून दीड मिनिट तरी थांबायचं असतं. हे न पाळणाऱ्याला स्टिअरिंगला हात लावू देऊ नका.

लाल दिव्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यात तपासायला वेळ नसतो. हँडब्रेक सोडूनही लाल ब्रेक दिवा राहिला तर ब्रेक ऑइलची पातळी बघा. पॅड झिजले की ती हळूहळू उतरते, वळणावर दिवा लुकलुकतो. नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका, पॅड बघा. ऑइलच्या कॅनचा लाल दिवा दिसला की जिथे आहात तिथे इंजिन बंद. तो पातळीचा दिवा नाही, दाबाचा आहे. केडी इंजिनांत (तुमच्या इनोव्हाचं त्यातलंच) इंजेक्टरच्या तळाचे तांब्याचे वायसर गळायला लागले की काजळी ऑइलमध्ये उतरते आणि खालची जाळी बुजवते. मग डिपस्टिकवर ऑइल पुरेसं, पण वर पोचत नाही. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून चालवलेल्या इंजिनांचे क्रँक मी बाहेर काढलेत.

तर विकायचं का? तुम्ही सांगितलेल्या दोन्ही बिघाडांपायी नाही. सगळ्यात महाग शक्यता, म्हणजे पंप आणि चारही इंजेक्टर, खरी ठरली तरच हिशेब मांडायची वेळ येईल, आणि तोही आधी कॉम्प्रेशन मोजून, चॅसी-पत्रा खालून बघून. रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं २०२७ मध्ये संपतील. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं आणि त्याला फिटनेस लागतो, तेव्हा गाडी ठेवायची तर हे बिघाड काढावेच लागणार. विकून दुसरी जुनी घ्यायची ठरवलीत तर समोरच्या गाडीची किल्ली फक्त ऑनवर नेऊन मीटर बघा. चेक इंजिन, ऑइल, एबीएस, एअरबॅग, सगळे दिवे आधी पेटले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा किल्ली ऑन करून पेटतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा मागे टेप आहे. आणि ऑइलच्या दिव्यासोबत बरोबर त्याच क्षणी विझत असेल तर दोन्हींची वायर एकत्र बांधलेली असू शकते. अशा गाडीला नमस्कार करून घरी या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सव्वादोन लाखांवर मी ती सगळ्यांच्या आधी विचारीन. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. लाख-दीड लाखाच्या टप्प्यावर मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा येतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. हा दिवा बेल्टकडे बघून पेटत नाही, किलोमीटर मोजून पेटतो, आणि बेल्ट न बदलताही मीटरवरून घालवता येतो. तुमच्या आधीच्या मालकाने किंवा एखाद्या गॅरेजने तो नुसता घालवलेला असू शकतो. बेल्ट शेवटचा कधी बदलला याचं बिल किंवा बोनेटखालचा स्टिकर सापडत नसेल तर कव्हर काढून बेल्ट बघा, शंका असली तर टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारा पार्ट) बदला. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, हेड उतरवावं लागतं. तेव्हा एससीव्ही आणि बाकीची शोधाशोध बेल्टची खात्री झाल्यावर, आणि त्या घाटातल्या चाचणीसाठी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताणायची तीही त्यानंतरच.